डीपी कोण ठरवतं? मलिक अंबर, आनंदीबाई आणि बाबासाहेबांचा सूट

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छोट्या खोलीतून, माइकमध्ये आवाज नको म्हणून पंखा बंद करून, पुन्हा एक एपिसोड. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इअरफोन विसरलात किंवा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती.

आजचा विषय आहे डीपी. हो, तोच, व्हॉट्सॲपवरचा गोल फोटो. तो निवडताना आपण काय काय करतो बघा. वीस सेल्फी काढतो, अठरा डिलीट करतो. दाढी ठेवायची की काढायची, कुर्ता की टीशर्ट, चष्मा घालून की काढून. घरचे म्हणतात, "किती नखरे!" मला मात्र हे नखरे वाटत नाहीत. आपण कसं दिसायचं हे आपण ठरवणं, हा इतिहासात फार थोड्या लोकांना मिळालेला अधिकार आहे. बहुतेकांचं चित्र दुसऱ्यानंच काढलं, आणि अनेकांचे कपडेसुद्धा दुसऱ्यानंच ठरवले. आज तीन माणसांच्या गोष्टी सांगतो. सुरुवात आपल्याच शहराच्या संस्थापकापासून.

एक माणूस, दोन चित्रं

मलिक अंबर. १६१० मध्ये त्यानं खडकीला राजधानी वसवली. तीच खडकी पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. आपल्या शहराचं नाव इतक्यांदा बदललंय की त्याच्या डीपीवर वेगळा एपिसोड होईल.

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादला आला. ‘अंबर’ हे नावसुद्धा एका मालकानं दिलेलं. पुढे तो दख्खनमध्ये आला. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीझ खानानं, जो स्वतःही हबशीच होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं, तेव्हा यानं निजामशाही घराण्यातला वारस शोधून गादीवर बसवला आणि पुढची पंचवीसेक वर्षं मोगलांना दख्खनमध्ये सुखानं झोपू दिलं नाही. शहाजीराजे ज्या भातवडीच्या लढाईत लढले, ती १६२४ ची लढाई याच अंबरच्या बाजूनं होती.

आता चित्रांकडे येऊ. पहिलं चित्र साधारण १६१६ चं. चित्रकार अबुल हसन, बादशहा जहांगीरच्या दरबारातला मोठा कलावंत. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि धनुष्यानं बाण मारतोय. कशावर? भाल्याच्या टोकाला खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर. अंबरच्या काळ्या चेहऱ्याशेजारी घुबडही काढलंय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे यातलं काहीच घडलं नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला मोगलांनी अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली, हे खरं. पण अंबर त्यांच्या हाती लागला नाही. त्यानं पुन्हा फौज उभी केली आणि आणखी दहा वर्षं लढला. १६२६ मध्ये म्हातारपणी त्याला नैसर्गिक मरण आलं आणि खुलताबादला त्याची कबर झाली. जमिनीवर जे जमलं नाही, ते बादशहानं कागदावर करून घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे चारशे वर्षांपूर्वीचं फोटोशॉप.

दुसरं चित्र हाशिम नावाच्या चित्रकाराचं, साधारण १६२० चं. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. यात अंबर एका बाजूनं दिसतो. अंगात पांढरा जामा, उभा, शांत, वय झालेला, स्वतःच्या वजनाची जाणीव असलेला माणूस. रंग तोच, नाक तेच, पण हा चेहरा बघून माणूस अदबीनं दोन पावलं मागे सरकेल.

दोन्ही चित्रांत माणूस एकच. फरक आहे तो काढणाऱ्याच्या आणि काढवून घेणाऱ्याच्या हेतूचा. या सगळ्यात स्वतः अंबरला कसं दिसायचं होतं? त्याचा अंदाज आपल्याला त्यानं जे बांधलं त्यावरून करावा लागतो. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी, आणि मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा. उस्मानपुऱ्यातून बाईकवर निघालं तर ट्रॅफिक धरून पंधरा-वीस मिनिटांवर. या दरवाजाकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण तिथे आणखी एकाची भेट होते.

कॅमेरा आला, पण कोणासाठी?

पोर्ट्रेट ही शेकडो वर्षं राजेरजवाड्यांची चैन होती. १८४० च्या सुमारास कॅमेरा भारतात पोचला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीसुद्धा निघाली. वाटेल की आता सामान्य माणसालाही चेहरा मिळाला. अर्धं खरं. कारण इंग्रज सरकारनं कॅमेऱ्याचा मोठा उपयोग केला तो माणसांची वर्गवारी करायला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यात भारतातल्या जातीजमातींचे फोटो आणि खाली वर्णन: हे लोक असे असतात, यांचा स्वभाव असा. फोटोतला माणूस म्हणजे बहुतेक वेळा एक नमुना. त्याला काय घालायचं होतं, कसं उभं राहायचं होतं, हे विचारायचा प्रश्नच नव्हता.

या पार्श्वभूमीवर १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो बघा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो रीलमध्ये पाहिला असेल. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तीन विद्यार्थिनी. एक सीरियातली साबात इस्लामबूली, एक जपानची के ओकामी आणि तिसरी आपली आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि काही दिवसांतच गेलं. नवरा गोपाळराव शिकवण्याच्या बाबतीत हट्टी, कधीकधी क्रूर वाटावा इतका. ‘आनंदी’ हे नावही सासरचं. म्हणजे अंबरसारखंच, नाव दुसऱ्यानं ठेवलेलं.

२४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी एक भाषण केलं. वय अठराही पूर्ण नाही. त्यात त्यांनी सांगितलं की रस्त्यानं जाताना लोक कसे जमतात, हसतात, खडे मारतात. आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, पोशाख आणि चालीरीती सोडणार नाही, असं जाहीर केलं. हे जाहीर का करावं लागलं? कारण मिशनऱ्यांची मदत मागितली की धर्म बदला असा आग्रह व्हायचा, आणि इकडच्या समाजाला वाटायचं की ही बाटणारच. साडी म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिलेलं उत्तर होतं.

फिलाडेल्फियाची थंडी मात्र कल्याणच्या नऊवारीला झेपणारी नव्हती. त्यांनी साडी गुजराती पद्धतीनं, पाय झाकतील अशी नेसायला सुरुवात केली. साडी तीच, नेसण बदललं. मला हा तपशील फार आवडतो. ओळख म्हणजे दगडात कोरलेली वस्तू असती तर त्या थंडीनं मेल्या असत्या किंवा सरळ गाऊन घालून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी काय सोडायचं, काय ठेवायचं, हे गरजेप्रमाणे ठरवलं.

११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, बावीसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. या निवडी पूर्णपणे त्यांच्या होत्या का? नाही. नवऱ्याचा धाक होता, समाजाला दिलेला शब्द होता. तरीही सरकारी खंडांमधल्या बिननावाच्या नमुन्यांशेजारी हा फोटो ठेवा. इथे नाव आहे, गाव आहे, आणि बसण्यात एक ठामपणा आहे.

कपडे चुगली करतात

आता तिसरी गोष्ट, आणि इथे प्रकरण गंभीर होतं. आनंदीबाईंना साडी ‘ठेवण्याचा’ पर्याय होता. पण ज्यांना ठरावीकच कपडे घालण्याची सक्ती होती, त्यांचं काय?

१९१७. भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती ती सयाजीराव गायकवाडांनीच. पण शहरात राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, आणि त्यासाठी रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. जगातल्या नामांकित विद्यापीठाचा विद्यार्थी, आणि रात्री पाठ टेकायला दुसऱ्याचं नाव पांघरावं लागतं.

हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण रूप बदलणं दोन प्रकारचं असतं. एक लपण्यासाठी आणि एक दिसण्यासाठी. बडोद्यातलं पहिल्या प्रकारचं होतं.

दुसऱ्या प्रकारचं दहा वर्षांनी दिसतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे आपल्याला शाळेत माहीत होतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि ते बोलणं होतं कपड्यांवर.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: तुमच्या लुगडं नेसण्यावरून आणि हातागळ्यातल्या दागिन्यांवरून लांबूनच ओळखू येतं की तुम्ही अस्पृश्य. ती खूण टाकून द्या. लुगडं वर खोचून नेसू नका, पाय झाकतील असं नेसा. हातभर हलक्या धातूच्या पाटल्या आणि गळ्यातल्या सऱ्या नकोत. कापड फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा.

आणि बायकांनी ते लगेच केलं. परिषदेच्या कामात असलेल्या चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या बायकांनी नव्या पद्धतीनं लुगडं कसं नेसायचं ते दाखवलं, आणि या बायका नव्या नेसणीत बाहेर पडल्या. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या अंगावर असलेली नेसण एका रात्रीत बदलली. आरशात स्वतःला बघताना काय वाटलं असेल?

माझ्या एका मित्रानं यावर चांगला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पण ही तर उच्च जातीची कॉपी झाली ना? स्वतःची ओळख कुठे आली?" प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर आमच्या धंद्यातलं आहे. फोटो पाठवला की बऱ्याचदा त्याबरोबर मेटाडेटा जातो, कुठे काढला, कधी काढला. तुम्ही न सांगता फाइलच सांगते. जातीच्या समाजात कपडे हा मेटाडेटा होता. बाई तोंड उघडण्याआधी तिची नेसण सांगून मोकळी व्हायची. महाडला बायकांनी तो मेटाडेटा पुसला. मी कोण हे मी सांगेन, माझं कापड चुगली करणार नाही. पुढचं सगळं त्यानंतर सुरू होतं.

हे वरवरचं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी समोरच्या बाजूची भीती बघावी. १९२८ च्या जानेवारीत, म्हणजे महाडनंतर जेमतेम आठवड्यानं, इंदूर जिल्ह्यातल्या गावांची बातमी छापून आली. तिथल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले होते. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीचे झगे-चोळ्या घालायच्या नाहीत. न ऐकणाऱ्यांचे विहिरीचे आणि गुरांच्या चराईचे रस्ते बंद झाले. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ही यादी दिली आहे. धोतराच्या काठाला एवढं घाबरायचं कारण काय? कारण काठ बदलला की माणूस ओळखू येत नाही, आणि ओळखू आला नाही की त्याला वाकवता येत नाही.

सूट आणि पंचा

आता सूटकडे येऊ. बाबासाहेबांचा थ्री-पीस सूट, टाय, पॉलिश केलेले बूट. बरेच लोक म्हणतात साहेबी थाट. त्याच काळात गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं. लंडनमध्ये शिकताना सूटबूट घालणारा बॅरिस्टर गरिबांसारखा दिसायला लागला, आणि ज्याला गरीब ठेवलं होतं तो माणूस बॅरिस्टरसारखा दिसायला लागला. दोघांनीही आपलं रूप विचार करून घडवलं. पण ज्याला अंगभर कपडा घालायची कधी मनाई नव्हती, तोच कपडे सोडू शकतो. ज्यांना काठाचं धोतरही नाकारलं गेलं, त्यांच्यासाठी इस्त्रीचा कोट ही लढाई आहे.

आणि सूट लपण्यासाठी नव्हता. बडोद्यात नाव खोटं होतं. १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत सूट घातलेला माणूस स्वतःच्या नावानं आणि अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. तेरा वर्षांत एवढा फरक.

पुढे त्यांनीच तो सूट बाजूलाही ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बौद्ध धम्माची दीक्षा घेताना ते पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते, आणि समोर लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत. पांढरा रंग सगळ्यांना परवडतो. आयुष्यातला सर्वांत मोठा बदल, आणि त्याचा पोशाख असा निवडला की मैदानातली शेवटच्या रांगेतली बाईसुद्धा तोच घालू शकेल.

आपल्या शहरात १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं, तेच नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलांचे जुने फोटो शहरातल्या कितीतरी घरांत भिंतीवर आहेत. पहिला कोट, पहिला टाय, खिशाला पेन. तो पेन शोभेचा नाही, हे आता तुमच्या लक्षात येईल.

आणि आता भडकल दरवाजा. अंबरच्या त्या १६१२ च्या दरवाजाजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकाचं चित्र शत्रूनं काढलं. दुसऱ्याचं चित्र त्यानं स्वतः घडवलं आणि त्याच्या लोकांनी गावोगावी जसंच्या तसं उभं केलं: कोट, हातात पुस्तक, वर केलेलं बोट. पुतळे बनवणाऱ्या कारागिरांनी हवं तर धोतर नेसवलं असतं, पण लोकांनी ते मान्य केलं नसतं.

तुमच्या फोनमधला अबुल हसन

हे सगळं संपलं, आता आपण मोकळे, असं वाटत असेल तर थांबा. आमच्या क्षेत्रात ‘डिफॉल्ट’ हा सर्वांत ताकदीचा शब्द आहे. बहुतेक लोक सेटिंग उघडतच नाहीत, जे दिलंय तेच वापरतात.

रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी फोटोचे रंग जुळवायला एक कार्ड द्यायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे. तिची त्वचा बरोबर आली की फोटो बरोबर. आपल्यासारखे सावळे लोक त्या हिशेबातच नव्हते. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधकांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन सिस्टिम तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सॉफ्टवेअर कोणी मुद्दाम वाईट लिहिलं नव्हतं. शिकवायला वापरलेले चेहरेच एका बाजूचे होते.

मागच्या वर्षी घरातल्या एका साखरपुड्यात फोटोग्राफरनं नवरीला सहज विचारलं, "ताई, अल्बममध्ये स्किन एक-दोन शेड उजळ करू ना? सगळे करतात." ती म्हणाली, "नको दादा, आईला मी ओळखू आले पाहिजे." सगळे हसले, तोही हसला. पण त्याचं ‘सगळे करतात’ माझ्या डोक्यात राहिलं. ते त्याचं मत नव्हतंच, डिफॉल्ट होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. केस रंगवा, मिशी वाढवा, नऊवारी नेसा, सूट शिवा, फिल्टरही लावा. रूप बदलण्यात खोटं काही नाही. महाडच्या बायकांनी बदललं, आनंदीबाईंनी अर्धं बदललं आणि अर्धं ठेवलं. फक्त एकदा विचारा, हे मी ठरवलंय की माझ्यासाठी कोणीतरी आधीच ठरवून ठेवलंय? मी यात दिसतोय की लपतोय?

जाता जाता या आठवड्याचं काम. घरातला सर्वांत जुना फोटो शोधा. आजी-आजोबांचा, पणजीचा, कोणाचाही. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा: हे कपडे कोणी निवडले होते? स्वतःचे होते की कोणाकडून मागून आणले होते? असं उभं राहायला कोणी सांगितलं? उत्तर व्हॉइस नोट करून ठेवा, कारण सांगणारी माणसं कायम नसतात. आम्हालाही पाठवा. चांगल्या दहा उत्तरांवर पुढचा एपिसोड करू.

तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू.